आप्पांचा व्हॉल्व्हचा रेडिओ

लग्न होऊन मी सासरी निघाले तेव्हा मंगळवेढ्याच्या स्टँडवर सोलापूरची एसटी तासभर उशिरा आली, म्हणून आप्पांना बोलायला वेळ मिळाला. एरवी आमचे वडील ज्वारीच्या दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजून बोलायचे. त्यांनी यांना बाजूला घेतलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगी सादी हाय. तिला काई येत न्हाय. संबाळून घ्या." मुलीच्या बापानं जावयापुढं असंच बोलायचं असतं, ही रीत मला ठाऊक होती. तरी ट्रंकेवर बसून मी डोळे पुसले ते आई दुरावली म्हणून नाही, रागानं. सातवीत शाळेत पहिली आलेली मी, आणि काही येत नाही म्हणे.

मंगळवेढ्यात मागं राहिलेल्या माझ्या बहिणींनो आणि माझ्यासारख्याच ट्रंक उचलून निघालेल्या मैत्रिणींनो, तो राग मला पुढं फार उपयोगी पडला.

सोलापुरात चाळीतली एक खोली. पहाटे गिरणीचा भोंगा, मग नळावर रांग, आणि रांगेत तेलुगू, कानडी, मराठी अशी तीन भाषांतली भांडणं. हे गिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ठीक करायचे. ते कामावर गेले की दिवस मला खायला उठायचा. गावी निदान दारात कोणी बोलायला यायचं. इथं भिंतीपलीकडून फक्त रेडिओची खरखर यायची, कारण शेजारचे करीमचाचा घरीच रेडिओ दुरुस्त करायचे.

चाचांच्या हातात जादू होती, पण डोळ्यांत मोतीबिंदू. रेडिओतल्या बारीक पार्टवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून कुठला पार्ट कुठं बसवायचा ते कळतं. चाचांना ते पट्टे दिसेनात. "बेटी, ये लाल है क्या नारंगी?" असं त्यांनी एकदा दारातून विचारलं आणि माझी शाळा पुन्हा सुरू झाली. रंग सांगता सांगता मी पार्ट ओळखायला लागले, मग सोल्डरिंग, मग व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्या. चाचांचा पहिला नियम: सेट चालू असताना एकच हात आत, दुसरा दूर, म्हणजे शॉक छातीतून जात नाही. पुरुष तो हात खिशात घालतात. लुगड्याला कुठला आलाय खिसा? मी कमरेवर ठेवायचे. जॉबरची बायको भारी ठसक्यात उभी राहते, असं चाळीत बोललं जाई. बोलू दे, म्हटलं. दुसरा नियम: "आवाज जिधर मरा, उधरसेच ढूंडना." स्पीकरपासून सुरुवात करायची आणि उलटं एरियलकडं जायचं.

चाचा ऑपरेशनसाठी मुलाकडं हैदराबादला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची गिऱ्हाइकं माझ्या दारात यायला लागली. तोवर बाजारात ट्रान्झिस्टर आले होते आणि दुकानदार व्हॉल्व्हच्या सेटला हात लावायला तयार नसत. असे टाकून दिलेले सेट मी पुसून, वायरी बदलून उभे केले. हे सगळं मी पत्रातून आप्पांना कळवत होते. पण लेक चेष्टा करते, अशीच त्यांची समजूत.

मग एक दिवस मंगळवेढ्याच्या एसटीच्या कंडक्टरनं चादरीत बांधलेलं एक गाठोडं आणून दिलं. आत आप्पांचा रेडिओ आणि चिठ्ठी: 'हितल्या मेकॅनिकनं टाकून द्या म्हणून सांगितलं. तितं चांगल्या माणसाला दाखव. शनिवारी न्यायला येतो.' चांगल्या माणसाला! मी पदर खोचला. सेट नुसता घुमत होता. फुगलेला कंडेन्सर बदलला आणि शुक्रवारी संध्याकाळी तो खणखणीत बोलायला लागला. मला तेव्हा सोलापुरातली सगळी माणसं बोलावून दाखवावीशी वाटली.

शनिवारी सकाळी मी नळावर असताना यांनी सासऱ्यांच्या रेडिओची सेवा केली. निघताना म्हणाले, "आतले बरेच स्क्रू सैल होते. आवळून दिलेत." बादली उतरवण्याच्या नादात मी नुसतं हूं केलं.

अकराला आप्पा आले. मी बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तांबूस झाले, फुसफुस आली, पण एकही स्टेशन लागेना. मी मागचं झाकण काढलं. आत पाहिलं तर पत्र्याच्या डब्यांतल्या बारीक स्क्रूंवरचं मेण फुटलेलं. हे स्क्रू सैल नसतातच. स्टेशन धरायला ते कारखान्यातच बेतानं फिरवून मेणानं बंद केलेले असतात. पण आयुष्यभर माग सांभाळलेल्या माणसाला सैल स्क्रू दिसला की त्याचा हात थांबत नाही. त्यांना तरी काय बोलणार?

"ऱ्हाऊ दे की सुमे," आप्पा म्हणाले. "तुला जमायचं न्हाय. बाजारात दाखवू."

"बसा आप्पा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बसवलं.

स्वयंपाक तयार होता, पण ताट वाढायचा प्रश्नच नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि मला लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं. आप्पा येताना स्वतःची भाकरी बांधून आणायचे, तीही बाहेर कट्ट्यावर बसून खायचे. या रिवाजाचं मला रागापेक्षा दुःखच जास्त होतं.

लोखंडी पेचकसानं स्क्रू फिरवला तर हात काढल्यावर स्टेशन सरकतं, म्हणून बांबूची काडी तासून घेतली. चाचांच्या नियमानं स्पीकरकडच्या डबीपासून सुरुवात केली. डोळे मिटले आणि नुसती फुसफुस ऐकत राहिले. स्क्रू केसभर फिरवला की फुसफुस वाढायची, जास्त फिरवला की मरायची. जिथं सगळ्यात मोठी, तिथं थांबायचं आणि पुढच्या स्क्रूकडं जायचं. असे तीन-साडेतीन तास गेले. शेवटच्या स्क्रूवर खूप लांबून एक बाई कानडीत बोलली.

"धारवाड," आप्पा म्हणाले आणि पुढं सरकून बसले.

अजून दोनदा फिरवून बाईचा आवाज खोलीत आणला, मग सांगलीही लागली. तेवढ्यात हे शिफ्ट संपवून आले आणि आप्पांसमोरच त्यांनी कौतुकानं विचारलं, "स्क्रू आवळलेले बरे झाले ना?" मी हसायला लागले, आणि काय झालं होतं ते सांगावंच लागलं. हे खाली बघायला लागले. आप्पा मात्र माझ्याकडं बघत होते.

"म्हंजे मोडला जावयानं आन् जोडला तू?"

"व्हय," मी म्हणाले. मला त्या वेळी अतिशय अभिमान वाटत होता आणि तो मी लपवला नाही.

आप्पा उठले. मला वाटलं भाकरीचं फडकं घेऊन कट्ट्यावर चालले. ते मोरीवर गेले, हातपाय धुतले आणि चुलीसमोर पाट ओढून बसले.

"आप्पा, रीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लेकीच्या घरी जेवत न्हाई," ते म्हणाले. "मेकॅनिकाच्या घरी जेवायला कुनाची बंदी हाय? वाढ."

मला नीट वाढताही येईना. आमटी ताटाबाहेर सांडली. आप्पा जेवले. भाकरी संपल्यावर त्यांनी हात पुढं केला.

आता सोलापुरात इतकी वर्षं झाली. मुलं झाली, ती पुण्याला गेली, कपाटात अजून सात सेट आहेत आणि सातही बोलतात. तुमचं गाव कुठलं, असं कोणी विचारलं की मी पूर्वी मंगळवेढा सांगायचे, आता सोलापूर सांगते. बहिणींनो, तुम्ही रागवाल, पण रागवू नका. ज्या घरात माझ्या बापानं दुसरी भाकरी मागून घेतली, ते माझं घर.