तिला न मागता मिळालेला सूर

बी.ए.ला संगीत घ्यायचं म्हणून मी घरात उन्हाळाभर भांडले. तेलगावात लहानपणापासून पेटी शिकत होते, परीक्षा दिल्या होत्या. गाणं माझंच आहे, याबद्दल मला शंका नव्हती. वडील म्हणायचे, "भूगोल घे. गाऊन काय होणार हाय?" शेवटी इतिहास, मराठी आणि संगीत यावर तह झाला आणि मी एसटीनं परळीच्या कॉलेजात जाऊ लागले.

माझ्याच वर्गातली ती सिरसाळ्याला त्याच एसटीत चढायची. आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायचे, ती मामाकडे राहून शिकायची. "संगीत कावून घेतलंस गं?" मी विचारलं.

"भूगोलाचा तास शेवटचा असतो. माजी गाडी चुकती."

संगीताच्या पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकीला नुसता सा लावायला सांगितला. माझा ऐकून सर "छान" म्हणाले. तिचा ऐकून त्यांनी पेटीवरचा हात काढून घेतला आणि म्हणाले, "पुन्हा लाव." खिडकीपाशी बडबडणाऱ्या पोरी वळून तिच्याकडे बघू लागल्या. माझ्या पोटात तेव्हा जे पेटलं, ते पुढे विझलंच नाही.

मी पहाटे उठून सुरांचे पलटे घोटायचे. तिच्याकडे पेटी नव्हती आणि मामीच्या हाताखाली सवडही नव्हती. पण सरांनी यमन सुरू केला त्या दिवशी परतीच्या गाडीत, दप्तर मांडीवर घेऊन ती तोच आलाप गुणगुणू लागली. मला पुढे आठवडाभर झटूनही जो सापडला नाही, तो तीव्र मध्यमाचा सूर ती सहज घेऊन पुढे गेली. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तिच्या सीटपाशीच उभा राहिला. मला वाटलं, हिला सर्दी व्हावी. चांगली लांबलेली.

युवक महोत्सवासाठी सरांनी तिला निवडलं आणि मला तिच्या मागे तानपुऱ्यावर बसवलं. "तुझा कान पक्का आहे," सर म्हणाले. ते कौतुक मला चापटीसारखं लागलं. तानपुरा मात्र मी सुरात असा मिळवला, की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. ती गायली. मला फक्त तिची पाठ, तेलानं चोपडलेली वेणी आणि समोरच्या लोकांचे चेहरे दिसत होते. ते चेहरे मला हवे होते. तिचा पहिला नंबर आला. गाडीत तिनं अर्धा पेढा माझ्या तोंडात कोंबला. तोंड गोड होऊनही मी धड हसू शकले नाही.

तिसऱ्या वर्षी ती तासाला येईनाशी झाली. पोलीस भरतीसाठी मैदानावर पळत होती. मी तिला गाठलं.

"गाणं सोडलंस?"

"सोडायला धरलं कुटं होतं? लई आवडतं मला. पर पोट बी हाय ना."

मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी जास्तच जळले. मला जे हात पसरूनही मिळालं नाही, ते ती चप्पल काढून ठेवावी तसं दाराशी ठेवून निघाली होती. त्या वर्षी संगीतात मी पहिली आले. सर म्हणाले, "चांगलं झालं." मग लगेच, "ती कुठं असते आता?"

आता मी बीडला एका शाळेत संगीत शिकवते. गेल्या साली नारायणगडच्या जत्रेत ती दिसली, खाकीत, बंदोबस्तावर. चहा घेताना मी मुद्दाम म्हणाले, "गा की जरा." आवाज गंजला असेल, अशी आशा होती. तिनं चहाचा कप खाली ठेवून हलकेच यमन घेतला. दम पुरत नव्हता, पण प्रत्येक सूर जागच्या जागी होता. मला हुंदका आला. तिला वाटलं, जुन्या दिवसांच्या आठवणीनं आला.

"सुट्टीच्या दिवशी शाळेत येशील?" मीच विचारलं. कशी विचारून गेले, कोण जाणे.

ती आली. साध्या साडीत, पोरींच्या घोळक्यात सतरंजीवर बसली आणि तासभर गायली. दुसऱ्या दिवशी वर्गात पाय ठेवताच पोरी म्हणाल्या, "मॅडम, त्या मॅडम परत कधी येणार?"

"पुढच्या सुट्टीला," मी म्हणाले. ते खरं होतं. निघताना मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.