काल की उद्या

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका सोमवारी सकाळच्या पाळीत, भिलाईजवळच्या हथखोजमधल्या एका कारखान्यात वाफेच्या लाइनचा जोड उघडताना एका फिटरचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. लाइन बंद असल्याचं परमिट त्याच्या फोनवर होतं. लाइन चालू होती. परमिट आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने दिलं होतं.

आमचं ऑफिस वैशाली नगरात, टाइल्सच्या दुकानाच्या वर आहे. तिथे मी सगळ्यात जुना प्रोग्रामर. त्याआधी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. बातमीत काल, आज, उद्या लिहायचं नाही, वार लिहायचा, हा डेस्कवरचा पहिला नियम. अंक वाचकाच्या हातात पडेपर्यंत 'आज' शिळा झालेला असतो. प्रोग्रामिंगमध्ये आल्यावरही हाच नियम पुन्हा शिकावा लागला. तारीख विचारायची, अंदाज करायचा नाही.

आमचं जुनं सॉफ्टवेअर तीन गोष्टी विचारत असे. कोणती लाइन, कोणती तारीख आणि टॅगचा नंबर. लाइन बंद करणारा माणूस व्हॉल्व्हवर लाल टॅग अडकवतो, त्यावर नंबर असतो. तो टाकल्याशिवाय परमिट निघत नसे. नंबर बघायला व्हॉल्व्हपर्यंत चालत जावं लागे, म्हणून पाळीतले लोक आम्हाला शिव्या देत.

मग न विचारण्याची फॅशन आली. माणसाने बोलतो तसं लिहावं, बाकीचं मशीन समजून घेईल. आधी सगळं इंटरनेटवर गेलं, नंतर मोबाइलवर, आता सगळं चॅटवर, गप्पा मारल्यासारखं चाललं आहे. दर वेळी विकणारा माणूस हेच सांगतो की आता कमी टाइप करावं लागेल. काही प्रोग्राम विचारण्यासाठीच असतात, असं माझं मत आहे. चहाच्या टपरीवर मी ते बऱ्याचदा मांडलं आहे. ऐकणारे त्याला वयाचा परिणाम समजतात.

नव्या आवृत्तीच्या बैठकीत टॅगचा नंबर ऐच्छिक करायचं ठरलं. कारखान्याचा अधिकारी होता, आमचा मॅनेजर होता, मी होतो. पुढे जिच्या नोकरीवर गोष्ट आली ती मुलगी त्या बैठकीत नव्हती. ती तेव्हा कंपनीत आलेलीच नव्हती.

ती भिलाईतच वाढलेली. वडील स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते, आता निवृत्त. कुटुंब मूळचं भंडाऱ्याकडचं. ऑफिसात ती मला सर म्हणायची आणि जिन्यावर काका. घरात मराठी, बाहेर हिंदी, फोनवर रोमन अक्षरं. इथे बहुतेकांचं असंच आहे.

ती रुजू झाली तेव्हा एक तक्रार पडून होती. कामगार सुट्टीचे मेसेज त्याच सॉफ्टवेअरवर टाकत. मराठी कामगार लिहीत, 'कल सुट्टी, ताप होता'. मशीन ते हिंदी धरून उद्याची सुट्टी मांडे आणि झालेल्या दिवसाची गैरहजेरी लावे. मराठीतला काल आणि हिंदीतला कल रोमनमध्ये त्याच तीन अक्षरांनी लिहिले जातात. मराठीत तो फक्त गेलेला दिवस. हिंदीत गेलेलाही आणि येणाराही. आमच्या ऑफिसात सकाळी उभ्याउभ्या बैठक होते, तिथे प्रत्येक जण म्हणतो, कल ये किया, कल वो करूँगा. कुणाचाही घोटाळा होत नाही, कारण पुढे क्रियापद असतं.

मशीनसाठी एक शब्दयादी असते. स्थानिक शब्द डाव्या बाजूला, अर्थ उजव्या. तिने त्यात 'कल' टाकला आणि समोर 'काल' लिहिलं. तपासायला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज घेतले. सगळे बरोबर निघाले. सुट्टीची तक्रार बंद झाली आणि मॅनेजरने बैठकीत तिचं कौतुक केलं. यादी एकच होती. सुट्टीलाही तीच आणि परमिटलाही तीच.

त्या सोमवारी कारखान्याच्या सुपरवायझरने मेसेज टाकला, 'बॉयलरवाली लाइन कल बंद, गॅस्केट बदलना है'. त्याच्या मनात मंगळवार होता. मशीनने रविवार वाचला. रविवारी कारखाना बंद असतो, त्यामुळे लाइन रविवारी बंद केली यात मशीनला खटकण्यासारखं काही नव्हतं. लाइन बंदच आहे असं धरून परमिट लगेच हिरवं झालं आणि फिटरच्या फोनवर गेलं. फिटरने पाने उचलले.

मी चौकशीला गेलो तेव्हा सुपरवायझर शेडबाहेर उभा होता. तोही मराठी, गोंदियाकडचा. मी विचारलं, घरी काल आणि उद्या वेगळं म्हणता, मग इथे कल का लिहिलं?

"हिंदीत लिवलं ना मी. मराठीत लिवलं असतं तर उद्याच लिवलं असतं. पण फोनवर मराठी कोण लिवते?"

लाल टॅग त्याच्या टेबलाच्या खणात होते. नवं सॉफ्टवेअर नंबर मागत नाही म्हटल्यावर ते लावणं हळूहळू थांबलं होतं.

मी अहवाल लिहिला. त्यात चार कारणं दिली. टॅगचा नंबर ऐच्छिक केला गेला. टॅग लावणं थांबलं. मेसेजमध्ये तारीख नव्हती आणि सॉफ्टवेअरने ती विचारली नाही. दोन कामांना एकच शब्दयादी होती. कुणाचं नाव लिहिलं नाही. पहिला निर्णय ज्या बैठकीत झाला तिथे कोण कोण होतं तेवढं लिहिलं, त्यात मी आलो.

मॅनेजरने अहवाल परत पाठवला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्याला कारण नको आहे, माणूस हवा आहे, नाहीतर ते काम दुसरीकडे नेतील, असं त्याचं म्हणणं होतं. आवाज चढलेला नव्हता.

"चार कारण कौन पढ़ेगा, सर. एक नाम दीजिए."

मी दिलं नाही. त्याला माझ्याकडून लागणारही नव्हतं. यादीतल्या प्रत्येक शब्दासमोर तो कुणी टाकला ते आपोआप नोंदलं जातं. ऐच्छिक केलेल्या रकान्यासमोर काहीच नोंदलं जात नाही, कारण तो निर्णय बोलून झालेला असतो.

दुपारी ती जिन्यात भेटली. डबा उघडलेला नव्हता. घरी अजून सांगितलं नाही म्हणाली. धाकट्या भावाच्या कॉलेजचा खर्च तिच्याच पगारावर चालला होता, हे मला तिच्या वडिलांकडून माहीत होतं.

"काका, आमच्या घरी कल म्हणजे कालच. आई, बाबा, सगळ्यांचं. मी चुकली कुठं ते मले समजूनच नाही राहिलं."

मी तिला सांगितलं की यादी सुट्टीसाठी बरोबर होती, परमिटला लागली तिथे जागा चुकली. ती म्हणाली, "मंग जागा कोणाची होती?" मी बैठकीबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि डबा तसाच पिशवीत ठेवला.

शनिवारी मी दवाखान्यात गेलो. फिटर जामुलला राहतो. बायको उशाशी बसून संत्रं सोलत होती. हात पांढऱ्या पट्टीत होता, बोटांची टोकं दिसत होती. डॉक्टरांनी बोटं वाचतील असं सांगितलं होतं, मूठ वळेल की नाही ते नंतर कळणार होतं. मी सॉफ्टवेअरचा माणूस आहे हे कळल्यावर त्याने मला नीट बघितलं.

"तुमच्या मशीनले इचारून सांगा, साहेब. माहा हात जळला तो काल जळला का उद्या जळणार हाय?"

बायको म्हणाली, गप पडा. तो हसला. मी थोडा वेळ बसलो. त्याने विचारलं की ज्या पोरीचं नाव सांगून राहिले ती कोणाची. तिचे वडील कोण ते कळेल एवढं मी सांगितलं. तो त्यांना ओळखत होता, गणेश मंडळातले म्हणाला.

पुढच्या सोमवारी सकाळी तिचं कार्ड दारावर चाललं नाही. खालच्या टाइल्सच्या दुकानदाराने तिला खुर्ची दिली. मॅनेजर खाली आला, पाकीट दिलं आणि वर गेला. तिने ते तिथेच उघडलं, वाचलं आणि रिक्षा थांबवली.

माझा अहवाल चार कारणांसह पुन्हा पाठवला आहे. त्याला उत्तर आलेलं नाही. टॅगचा नंबर अजून ऐच्छिक आहे. शब्दयादी मी बुधवारी उघडून पाहिली. 'कल' जागेवर आहे. समोरचं 'काल' खोडून तिथे 'उद्या' लिहिलेलं आहे.