परातीतला वारा

बुधवारा पेठेतल्या घरी सकाळी टेबलफॅन जेवणाच्या टेबलावर चढला, की रमेशराव समजून जात, आज उपम्याला उशीर. त्यांची लेक प्राजक्ता तिकडे हिमाचलात असते. वाऱ्यानं वाहून आलेल्या बर्फाखाली रस्ते बुजू नयेत म्हणून कुंपणं कुठं घालायची, हे ठरवायचं तिचं काम. ते आपल्यालाही कळलं पाहिजे, हा त्यांच्या बायकोचा, सुलभाचा हट्ट. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली बाई. बर्फ मात्र तिनं उसाच्या रसातलाच पाहिलेला. म्हणून परातीत रवा पसरायचा, त्यावर वारा सोडायचा आणि बघत बसायचं.

"उपमा आता भिंतीवरून खरवडून खायचा का?" रमेशराव विचारत होते, तेवढ्यात दार वाजलं.

रमेशरावांचे मावसभाऊ, फोपनार गावचे चुडामणभाऊ आले होते. चहासुद्धा नको म्हणाले.

"रेतीनं परेशान केलं, वहिनी. तापीकडून वारं सुटलं की केळीची नवी रोपं गाडली जातात. दरसाल कडेनं शेवरीची झुडपं लावतो, पण त्यांच्यातून वारा गळतो. म्हटलं यंदा पक्कं काम करू. रोपांना लागून पत्रे ठोकले. तर रेती नेमकी तिथंच येऊन बसते. अर्धं वावर गेलं. उरलेलं जायला नको."

सुलभानं परातीत हरभरे मांडले. "ही तुमची रोपं." त्यांच्यापुढे ताटली उभी धरून तिनं पंखा लावला. वारा ताटलीवरून उडी मारून पलीकडे गिरकी खाऊ लागला आणि रवा हरभऱ्यांवरच पडला.

मग तिनं ताटलीच्या जागी कंगवा धरला, तोही हरभऱ्यांपासून चांगला लांब.

"माझा कंगवा आहे तो," रमेशराव म्हणाले.

"तुम्हाला कशाला लागतो?"

चुडामणभाऊ पहिल्यांदा हसले. तोवर कंगव्यामागं रव्याची बुटकी टेकडी तयार झाली होती. हरभरे उघडे होते.

"कण फार उंच उडत नाहीत, भाऊ. जमिनीलगत उड्या मारत येतात. एक आदळतो, दुसऱ्या दोघांना उठवतो. वारा कोंडायचा नाही, नुसता दमवायचा. दमला की हातातलं ओझं खाली टाकतो. तुमच्या शेवरीचं गळणंच बरोबर होतं."

"शेवरी वाढेपर्यंत रोपं राहतील का?"

"पऱ्हाट्या आहेत ना? कापसाच्या त्याच काड्या विरळ रोवा. नदीच्या बाजूला, रोपांपासून लांब."

"परातीतलं वावरात चालतं?"

"ते मला माहीत नाही," सुलभा म्हणाली. "पण बर्फात चालतं."

पुढच्या आठवड्यात वारं सुटलं. गल्लीत धूळ उठली की सुलभाचा हात कणकेत थांबायचा. आपल्या शब्दावर त्या माणसानं पत्रे काढले असतील. चुकलं तर उरलेली रोपंही जातील.

वारं पडल्यावर चुडामणभाऊ आले. या खेपेला चहा स्वतःहून मागितला.

"पऱ्हाट्यांमागं रेतीचा बांध पडला, वहिनी. रोपांच्या पानावर थोडी धूळ आहे, बस. आता काय पाहिजे ते मागा. साडी, केळीचा घड, काय ते बोला."

"हिनं रव्याचा खर्च मागावा," रमेशराव म्हणाले.

सुलभानं कप चुडामणभाऊंपुढे सरकवला.

"पुन्हा वारं सुटेल तेव्हा मला वावरात न्या, भाऊ. रेती चालताना मला बघायची आहे."