नाचतेत समदे

एमआयडीसीला जाणाऱ्या टेम्पोत तो रोज माझ्यासमोर बसतो. मी लोखंडाच्या कारखान्यात कारकून, तो तिथेच भट्टीवर. बोलतो थोडं, पण रस्ताभर त्याचे ओठ हलत असतात. मधेच विचारतो, "साहेब, 'घाम'ला काय बराबर बसंल?" मी सुचवलेला शब्द मान हलवून ऐकतो, घेत मात्र कधीच नाही.

तो रॅप करतो. जयंती असो की गणपती, डीजेवर त्याचं गाणं लागलं की सगळी वस्ती नाचते. त्याला त्याचं फारसं सुख नाही. "नाचतेत समदे, ऐकत कोणीच न्हाई," म्हणतो.

परवा त्याला टीव्हीवर बोलावलं होतं. तिथे डीजे नव्हता. शेजारी गिटार, ढोलकी, बासरीवाले बसले होते आणि हा स्टुलावर बसून, जवळजवळ बोलल्यासारखा तेच गाणं गात होता. मशीनमध्ये हात गेलेल्या एका दोस्ताचं ते गाणं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो दोस्त आता आमच्याच गेटवर वॉचमन आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोतून उतरलो, तर तो आडवा आला.

"माझ्यावर हाये ते गाणं?"

"मंग? अजून कोणावर?"

"अन् मी त्याच्यावर नाचलो की रे, जयंतीला!"

तेवढ्यात भोंगा झाला. मी आत निघालो. वळून पाहिलं, तर हा वॉचमनच्या बाकावर बसला होता आणि त्याला एकेक ओळ सावकाश सांगत होता.