सुनेच्या वाटणीच्या गोळ्या

झुंबरबाई मरायला बसली ती कार्तिकातल्या एका सकाळी, अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून आणि दातांना मिसरी लावून. वर गेल्यावर मिसरी मिळते की नाही याची तिला खात्री नव्हती. शेजारच्या छबूबाईला तिने बजावून ठेवलं होतं की दुपारपर्यंत आपण खलास होऊ, तेव्हा संध्याकाळी कोंबड्या झाकायला विसरू नकोस. दुपार झाली आणि तिला कडकडून भूक लागली. दीड भाकरी आणि ठेचा खाऊन ती पुन्हा मरायला बसली, पण बसल्या बसल्या डोळा लागला आणि दिवस मावळताना ती ठणठणीत उठली. छबूबाईने कोंबड्या झाकल्या होत्या, तेवढाच काय तो फायदा झाला.

या सगळ्याचं कारण होतं एक लाल गोळी. ती तिने सुनेच्या वाटणीतली काढून खाल्ली होती.

साल एकाहत्तरचं. जामखेडपासून चार कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावाची झुंबरबाई सुईण. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं, त्यामुळे मान द्यावा असा माणूस तिला गावात उरलाच नव्हता. सरपंच सभेत आवाज चढवायला लागला की ती सगळ्यांदेखत सांगायची, हा पायाळू आला होता, तेव्हापासून याचं सगळं उलटंच. कळा देताना एखादी देवाचा धावा करू लागली, तर त्याला कशाला बोलावते, त्याला यातलं काय कळतं, म्हणून तिलाच दम द्यायची. मात्र बाई मोकळी झाली की स्वतःच्या हाताने तिचं अंग शेकायची आणि दहा दिवस दोन वेळा न बोलावता यायची.

तिचा एक नियम होता, तो तिच्या सासूकडून आलेला. पोटुशी बाईला पोटभर वाढायचं नाही. पोर आत माजलं की बाहेर निघताना अडतं आणि बाईला घेऊन जातं. म्हणून पाचवा लागला की रात्रीची भाकरी बंद. तीस वर्षं तिने हे घरोघर सांगितलं आणि घरोघरच्या सासवांनी ते आनंदाने ऐकलं, कारण त्यात भाकरीही वाचत होती.

तिची स्वतःची सून चांगुणा आता चौथ्या महिन्यात होती. आदल्या साली ती नवऱ्याबरोबर कोपरगावकडे ऊस तोडायला गेली असताना सातव्या महिन्यात, पाचटाच्या झोपडीत, कोपीतच तिचं पोर गेलं. रक्त इतकं गेलं की ती परत आली ती पांढरीफटक होऊन. घागर उचलली की भिंत धरायची. माहेरी तिचं कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. यंदा तिचा नवरा आसाराम चुलतभावाला जोडीला घेऊन तोडीवर गेला. निघताना आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आये, पोराचं काय व्हायचं ते हुईल. ही ऱ्हायली पायजे."

झुंबरबाईने त्याला शिवी दिली आणि जा म्हटलं. पण ते बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या नर्स पुष्पावतीबाई खांद्याला पिशवी अडकवून पायी गावात आल्या. त्यांनी चांगुणाची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि तीस लाल गोळ्यांची पुडी दिली. रोज जेवल्यावर एक. त्यात लोह आहे आणि फॉलिक ॲसिड आहे, दोन्ही मिळून नवं रक्त करतात, पोटातल्या पोराच्या वाढीलाही ते लागतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. पालेभाजीतही ते असतं, पण तुम्ही भाजी इतकी रटारटा शिजवता की तिच्यात काही उरतच नाही, असंही सुनावलं.

झुंबरबाईने पुडी कनवटीला लावली. चावडीच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि गोळीही लालच. सरकार तेच, रंग तोच. पोरं बंद करायला टपलेलं सरकार पोरं वाढवायची गोळी फुकट वाटेल, यावर विश्वास ठेवायला ती काही सरपंच नव्हती. पण नर्स म्हणते ते खरं असलं तर? शेवटी तिने ठरवलं, आधी आपण खाऊन बघायची. सून मेली तर लेकाला तोंड दाखवता यायचं नाही. आपण मेलो तर तोंड दाखवायचा प्रश्नच मिटला.

मरण काही आलं नाही, हे सांगितलंच. एका गोळीने कळत नसेल म्हणून तिने दुसरी खाल्ली, मग तिसरी. चौथ्या दिवशी पहाटे बायकांबरोबर ओढ्याकडे गेली तेव्हा तिला दिसलं की आपल्याला काळंकुट्ट होतंय. आतडी सडली, असं समजून ती घरी येऊन पडली, पण पोट दुखेना. मग उठून कामाला लागली. आणि तीन आठवड्यांनी वरच्या वाडीतल्या बाळंतिणीला पाहायला जाताना खिंडीत नेहमीच्या दगडावर बसायचं ती विसरली. दम लागलाच नव्हता. गेली कित्येक वर्षं तो दगड तिच्याच बुडाने गुळगुळीत झालेला.

इथं तिने खरं तर उरलेल्या गोळ्या सुनेला द्यायला हव्या होत्या. तिने दिल्या नाहीत. अजून चार दिवस बघू, अजून दोन दिवस बघू, असं म्हणत म्हातारीने पुडी संपवली. या वयात अंगात पुन्हा ताकद आली की माणूस चोरटा होतो, दुसरं काय.

महिन्याने पुष्पावतीबाई परत आल्या. मारुतीच्या पारावर पोटुश्या आणि त्यांच्या सासवा जमल्या. चांगुणाची पापणी ओढली तर आत तसंच पांढरं. गोळ्या घेतेस ना, असं नर्सने विचारलं, तर चांगुणाने मान खाली घातली. पुष्पावतीबाई मग सगळ्यांना म्हणाल्या की या गोळ्यांनी काळं होतं, त्याला कुणी भ्यायचं नाही. गोळी पोटात जात असल्याची ती खूणच आहे.

गावातल्या बायका पहाटे एकाच ओढ्याकडे जातात. तिथं कुणाचं काय झाकून राहत नाही. एकेक करून सगळ्या माना झुंबरबाईकडे वळल्या. ती पंचावन्नाची होती आणि नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

छबूबाईने पदर तोंडाला लावून विचारलं, "मग झुंबरबाई, कितवा म्हणायचा?"

पार हसून हसून आडवा झाला. तीस वर्षं जिने गावाला तोंड वर करू दिलं नाही, तिच्यावर हसायची संधी कोण सोडणार? तेवढ्यात खालून चांगुणाचा बारीक आवाज आला, "आत्याबाई कारळाची चटणी लई खात्यात. तिनं बी काळं हुतं."

झुंबरबाईला हेच उत्तर सुचलं होतं. जिभेवर तयार होतं. पण ते सुनेच्या तोंडून ऐकलं आणि तिला कळलं की पोरीला सगळं ठाऊक होतं. आपल्या वाटणीचं रक्त सासू खातेय हे बघत ती महिनाभर गप्प बसली होती, आणि आताही भिंतीसारख्या पांढऱ्या तोंडाने सासूचीच अब्रू झाकत होती. झुंबरबाईला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"चटणी न्हाई," ती म्हणाली. "हिच्या गोळ्या मी खाल्ल्या. समद्या."

कुणी हसलं नाही. पुष्पावतीबाईंनी मात्र तिची पार सालटी काढली, आणि बोलता बोलता रात्रीच्या भाकरीचं प्रकरणही बाहेर काढलं. झुंबरबाई भांडली. पोर मोठं होऊन अडेल, म्हणाली. नर्स म्हणाल्या की पोर अडून मरणाऱ्या थोड्या, अंगात रक्त नाही म्हणून मरणाऱ्याच जास्त. म्हातारीला ते पटलं नाही. पण गोळीच्या बाबतीत ही बाई खरी निघाली होती, आणि लेकाचं बोलणं कानात होतं. नर्सने दिलेली नवी पुडी तिने चांगुणाच्या ओटीत टाकली.

त्या दिवसापासून चांगुणाला दोन्ही वेळा पोटभर भाकरी, वर तांदुळजा, हरभऱ्याचा पाला, गूळ-शेंगदाणे. गोळी गिळली की झुंबरबाई तिला तोंड उघडायला लावायची आणि बैलाचे दात बघावेत तसं आत बघायची. मळमळतंय म्हटलं, तर मळमळू दे, म्हणायची. गावातल्या बाकीच्या पोटुश्यांनाही तिने सोडलं नाही. मी खाल्ल्यात, मेले का, हा तिचा एकच मुद्दा.

वैशाखात भर दुपारी चांगुणा बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली जड. अडली नाही. पाठोपाठ रक्त गेलं, पोट चोळत झुंबरबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ पांढरे होतील, डोळे फिरतील, मग बोलणं बंद होईल. ते सगळं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. थोड्या वेळाने रक्त थांबलं. चांगुणाने डोळे उघडले आणि भूक लागलीय म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पुष्पावतीबाई आल्या तेव्हा झुंबरबाई ओट्यावर एकटीच बसली होती. आत मुलगी रडत होती, तोडीवरून परतलेला आसाराम तिला उगी करत होता. नर्सने चांगुणाची पापणी बघितली, बाळ बघितलं, आणि त्या खूश होऊन बाहेर आल्या. आता ही मिरवणार, अशी त्यांची खात्री होती.

झुंबरबाईने विचारलं, "ह्या गोळ्या वीस वर्सामागं हुत्या का?"

"नव्हत्या."

"आमची भागूबाई गेली तवा?"

"भागूबाई कोण?"

"ल्येक माझी. आसारामाच्या आगुदरची. सोळा वर्साची हुती. पोर बारकं हुतं, अडलं न्हाई. रगात गेलं अन् गेली."

पुष्पावतीबाई तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मावशी, नका लावून घेऊ मनाला. गोळ्याच नव्हत्या तेव्हा, तुम्ही तरी काय करणार होता?"



"गोळ्या नव्हत्या बाई," झुंबरबाई म्हणाली. "भाकर हुती. रातच्याला मागायची ती."