गुळाची म्हणून दिलेली वीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात माझ्या तोंडून हे वाक्य निघालं की पोरं हसतात, कारण माझ्या पोटात काही टिकत नाही अशी माझी ख्याती आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी इंदुरी हिंदीत म्हणतं, "भिया, मैनाचा किस्सा हो जाए," आणि मी सुरू. मैना म्हणजे गौतमपुऱ्याच्या माझ्या काकूची गाय. तिनं काकांचं वाळत घातलेलं धोतर कसं चघळलं, पाहुण्यांच्या चपलेसकट कशी पळाली... सगळे हसतात. काकू मात्र उठून आत जायची. का जायची, ते मला ठाऊक होतं. तरी मी सांगायचो.

मी इंदूरला पशुखाद्याच्या ऑफिसात आहे. घरचे मला गाईंचा डायटीशियन म्हणतात. माझं पोट पाहूनही म्हणतात, हे विशेष. एका उन्हाळ्यात काकूकडे गेलो तर मैनाच्या बरगड्या दिसत होत्या. तळ्यापलीकडचं गवत वाळून काडी झालेलं, घरी नुसता गव्हाचा भुसा. पोट भरायचं, अंगी लागायचं नाही. त्यावर आमच्याकडे इलाज होता— चाटण वीट. उसाची मळी, मीठ, खनिजं आणि थोडा युरिया. गाय दिवसभर थोडं थोडं चाटते, मग तोच वाळका चारा तिला पचतो. चाटली तर औषध. पाण्यात कालवून पाजली तर विष. गावोगावी मी आधी हेच सांगायचो.

काकूला नाही सांगितलं.

युरिया म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्या मैनेला शेतातलं खत घालतोस? मग तासभर वाद— आणि मला अंधार पडायच्या आत इंदूर गाठायचं होतं. म्हणून वीट गव्हाणीत ठेवली आणि म्हणालो, "गुळाचीच आहे गं. चाटू दे तिला." वासही तसाच येत होता. काकू खूश झाली.

आता तुम्हीच सांगा— उन्हातून कुणी दमून आलं, तर आपल्याकडची बाई पुढे काय करते?

गूळ-पाणी.

थोडे दिवस मैना नीट चाटत राहिली. मग एका दुपारी चरून आली ती मान टाकूनच. भुशाला तोंड लावीना. काकूनं बत्त्यानं वीट फोडली, बादलीत विरघळवली आणि तिच्यासमोर धरली. वर आदल्या दिवशीच्या दोन पुरणपोळ्या.

फोन आला तसा निघालो. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मैना गोठ्यात आडवी, पोट फुगलेलं, तोंडाशी फेस. काकू तिच्या मानेवर हात ठेवून बसलेली. मी बादली पाहिली. तळाशी तपकिरी गाळ होता.

"माझ्या शिळ्या पोळ्यांनी गेली का रे?" काकूनं विचारलं. "तुला यातलं कळतं. खरं सांग."

खरं सांग म्हणाली होती ती. हे शब्द मी विसरलेलो नाही.

मी म्हणालो, "असू शकतं, काकू." मग बादली उचलली, हातपंपावर नेली आणि विसळून टाकली.

काका गेल्यावर काकू आमच्याकडे जुन्या इंदुरात राहायला आली. सकाळी पहिली पोळी गाईची, हा तिचा नेम. लाटायची, भाजायची, तूप लावायची— आणि गल्लीत गाय आली की ती पोळी माझ्या बायकोच्या हातात द्यायची. "तू दे गं. माझ्या हातचं नको." रोज. मी तिथेच पेपर वाचत बसलेला. एक वाक्य बोलायचं होतं. कशाला भ्यायलो? ती रागावेल म्हणून? छे— तिनं माफ केलं असतं, तेही मला माहीत होतं. मला फक्त तिच्या लेखी हुशार राहायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेली. तेराव्याला पान वाढलं, गाईचा घास काढला, आणि सगळ्यांनी तो माझ्याकडे दिला— मी तिचा लाडका म्हणून. दारात जाऊन उभा राहिलो. गाय आली, तिनं हुंगलं, आणि माझ्या हातचं खाल्लं.