‘थांबली’ आणि ‘थांबवली’

राबिया लिहायची फार भरभर. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तिचं वाक्य कागदावर उतरलेलं असायचं, आणि तेही उजवीकडून डावीकडे, अरबीत. ओमानमध्ये, रुवीतल्या आमच्या वकिलांच्या ऑफिसात ती दुभाषी म्हणून लागली तेव्हा एकवीस वर्षांची होती. मी तिथला जुना कारकून. पहिल्याच दिवशी मी तिला सुचवलं, जरा सावकाश घे, इथे येणारी माणसं आधीच भेदरलेली असतात. मान वर न करता ती म्हणाली, “देसाईकाका, त्यांना बोलू दे. माझा हात पोचतो.”

मूळची दापोलीकडची. वडील इस्माईलचाचा मत्रहमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. राबियाचं मराठी घरचं, इंग्रजी शाळेचं आणि अरबी शेजारच्या ओमानी बायकांकडून उचलून मग संध्याकाळच्या वर्गात पक्कं केलेलं. तिन्ही भाषांत ती सारख्याच तोऱ्यात वावरायची. “कागद माझ्याकडे द्या, खलास,” हे तिचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते खरंही असायचं. वर्षभरात तिच्या हातून एक चूक झाली नव्हती.

मग दिलीपची केस आली. दिलीप गुहागरचा, निझवाच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर चालवायचा. एका उतारावर टँकरखाली एक वृद्ध गृहस्थ सापडले आणि जागीच गेले. दिलीपला अटक झाली. तो इतका हादरला होता की धड बोलेचना. शेवटी राबियाने त्याच्यापुढे कागद ठेवला आणि मराठीत लिहायला सांगितलं. त्याने चार ओळी लिहिल्या. तिने त्यांचं अरबी केलं आणि आमच्या ऑफिसने ते कोर्टात दाखल केलं.

सुनावणीच्या दिवशी फायली घेऊन मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरकारी वकिलांनी दिलीपचाच जबाब वाचून दाखवला. आरोपी स्वतः कबूल करतो की म्हातारा दिसला, मी गाडी थांबवली नाही, असं त्यात होतं. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीलाही तेवढं कळलं. शेजारी बसलेल्या राबियाने माझ्या मांडीवरची फाईल ओढली आणि दिलीपचा मूळ कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, “म्हातारा दिसला. गाडी थांबली नाही.”

एका ‘व’चा फरक होता. घाईत तिने ‘थांबवली’ वाचून तसंच अरबी केलं होतं.

पुढे बसलेल्या आमच्या मुख्य वकिलांना तिने चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती वाचली, मागे वळून बघितलं आणि हातानेच गप्प बसायची खूण केली. ऑफिसचं नाव जाईल, हे त्या खुणेत होतं. राबियाने दिलीपचा कागद हातात घेतला. मग उठून उभी राहिली.

न्यायाधीश पांढऱ्या दाढीचे ओमानी गृहस्थ होते. तू कोण, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की मी दुभाषी, आणि या कागदातली चूक माझी आहे. तिने आधी मराठी ओळ जशीच्या तशी वाचली, मग दोन शब्दांतला फरक अरबीत समजावला. न्यायाधीशांनी दिलीपला नव्याने विचारलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा सविस्तर बोलला. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता, टँकर घसरतच राहिला. मग वाहनाची तपासणी झाली, ब्रेकची नळी फुटलेली निघाली. दिलीपने त्याबद्दल दोनदा तक्रार केली होती, हेही बाहेर आलं. तो निर्दोष सुटला.

राबियाची नोकरी मात्र त्याच दुपारी गेली. पण कोर्टातून निघताना न्यायाधीशांनी तिला थांबवून विचारलं होतं की तू कायदा शिकलीस का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले होते, मग शीक. हे तिने मला जिन्यात सांगितलं, आणि मग तिला रडू फुटलं.

इस्माईलचाचा त्या वर्षी कायमचे गावी परतणार होते. फीचे पैसे लागणार म्हणून तो बेत त्यांनी रद्द केला आणि लेकीला पुण्याच्या लॉ कॉलेजात पाठवलं. पुढे लग्न होऊन ती अमेरिकेला गेली. तिथे पुन्हा शिकणं आलं, पुन्हा परीक्षा आली. वकिलीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा तिचा फोन आला. मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो, तर म्हणाली, “काका, पेपर भरभर लिवला. अजून शिकले नाय मी.” दुसऱ्या खेपेला पास झाली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकार वकील देतं, त्या कचेरीत तिने अकरा वर्षं काढली. तिथून राज्याच्या कोर्टात न्यायाधीश झाली आणि गेल्या वर्षी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयासाठी तिचं नाव पुढे आलं.

अशा नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, आणि तिथे विरोध झालाच. सिनेटच्या समितीपुढची तिची चौकशी आम्ही चाचांच्या मुलाच्या घरी, रुवीतच, टीव्हीवर पाहिली. एका सदस्याने विचारलं की परदेशात वाढलेल्या तुमच्यावर इथल्या माणसाने विश्वास का ठेवावा. राबियाने प्रश्न पूर्ण होऊ दिला, वर थोडी थांबली आणि मग बोलली. “माझी चूक मी भर कोर्टात सांगितली, तेव्हा माझी नोकरी गेली आणि एक निरपराध माणूस घरी गेला. तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा उभी राहीन.” अगदी थोडक्या मतांनी, पण तिची नेमणूक मंजूर झाली.

शपथविधीला चाचांना डॉक्टरांनी विमानप्रवास करू दिला नाही. तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. चाचा इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच टीव्हीपुढे बसले होते. काळा झगा घातलेल्या राबियाने उजवा हात वर करून शपथ घेतली. सलालाहून रात्रभराचा प्रवास करून आलेला दिलीप दाराशी उभा राहून डोळे पुसत होता.

थोड्या वेळाने तिचाच व्हिडिओ कॉल आला. सगळे एकदम बोलायला लागले. चाचांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. या माणसाने पस्तीस वर्षं दर दोन वर्षांनी व्हिसा वाढेल की नाही या काळजीत काढली होती. त्यांनी फोन जवळ घेतला आणि विचारलं, “बाय, कॉन्ट्रॅक्ट किती वर्साचा?”

राबिया हसली. म्हणाली, “अब्बा, जन्मभराचा. कोणी काढू शकत नाय.”

चाचांनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग फोन माझ्या हातात देऊन उठले, पायात चपला सरकवल्या आणि बिल्डिंगमधल्या एकेका दारावर थाप मारत सांगत सुटले, “माझ्या पोरीचा कॉन्ट्रॅक्ट जन्मभराचा झाला.”